‘गाडी थांबली नाही रे’

वाचकाचा प्रश्न

कॅल्गरीहून एका वाचकांनी लिहिलं आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, बांधकामाच्या साइट पाहण्याचं काम करतात. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी एक वापरलेला फोर बाय फोर पिकअप ट्रक घेतला. त्याचे टायर ऑल-सीझन आहेत, बाजूला ‘एम+एस’ असं लिहिलेलं, आणि नक्षीची खोली मोजली तर बत्तिसांश इंचाच्या हिशेबात पाच उरली आहे. परवा पहिला बर्फ पडला. घराजवळच्या स्टॉप साइनला ब्रेक पूर्ण दाबूनही ट्रक घसरत गेला आणि चौकाच्या मधोमध जाऊन थांबला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. शेजारी वडील बसले होते, सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी आंबेनळी घाटातून. ते एवढंच म्हणाले, ‘गाडी थांबली नाही रे.’ दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या सीटवर बसतात.

आता सल्ले चारही बाजूंनी येताहेत. ऑफिसातला मित्र म्हणतो, फोर बाय फोरला विंटर टायर लागत नाहीत, ते छोट्या गाड्यांसाठी. टायरवाल्यानं १० प्लायचे, आतापेक्षा थोडे रुंद ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांसाठीचे) सुचवले: एकदाच घ्या, बारा महिने बघायला नको. मेहुण्याचं म्हणणं, ट्रकची ताकद मागच्या चाकांना, तर विंटर टायर मागच्या दोनच चाकांना टाका, पैसे निम्मे. बायकोला चारही विंटर टायर हवेत. त्याचे १,६०० डॉलर सांगितलेत. अल्बर्टात कायद्याची सक्ती नाही. हिवाळ्यात दोन-तीनदा ब्रिटिश कोलंबियात, गोल्डनला मित्राकडे जाणं असतं. ‘मी घाटात गाडी चालवत मोठा झालो, माझा हात कच्चा नाही. मग एवढा खर्च खरंच हवा का? आणि हवा असेल तर कुठला टायर घेऊ?’

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. मित्र, टायरवाला, मेहुणा आणि तुम्ही स्वतः, सगळेजण गाडी ‘निघेल का’ हेच बोलताय. ड्राइव्हवेवरून निघेल का, चढ चढेल का, बर्फात रुतली तर बाहेर येईल का. थांबण्याविषयी एकच माणूस बोलला, आणि तोही तीन-चार शब्दांत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर बाबांनी त्या चौकातच देऊन ठेवलंय.

फोर बाय फोर काय करतं ते आधी पाहू. इंजिनाची ताकद ते दोनाऐवजी चार चाकांत वाटतं. त्यामुळे गाडी सुटते, चढते, रुतलेली निघते. पण ब्रेक चारही चाकांना असतात, ते फोर बाय फोरला असतात तसेच साध्या गाडीलाही असतात. ब्रेक दाबला की पुढचं सगळं काम रबराचा तळहाताएवढा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो करतो. चार चाकांचे असे चार तळवे आणि त्यावर दोन टनांहून जास्त वजनाचा ट्रक. फोर बाय फोरचा तोटा असलाच तर हा, की गाडी इतकी सहज वेग घेते की रस्ता किती निसरडा आहे ते ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही. तुमच्या मित्रानं मनापासूनच सांगितलं असेल, पण त्याचा अनुभव निघण्याचा आहे.

आता घाटाविषयी. तुमचा हात कच्चा नाही हे मी मानते, आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिते. घाटात आपण जे शिकतो ते सगळं रबर रस्ता धरून आहे हे गृहीत धरून शिकतो. योग्य गिअर, वळणाआधी वेग कमी करणं, उतारावर इंजिनाचा ब्रेक, हे सारं इथंही उपयोगी पडतं. पण साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ऑल-सीझनचं रबर ताठ व्हायला लागतं, आणि उणे १५-२० ला तर नखानं दाबलं तरी दबत नाही. विंटर टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहील असंच बनवलेलं असतं. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, मिटतात आणि बर्फाला शेकडो छोट्या कडांनी धरतात. ताठ रबराला कितीही हुशार चालक दिला तरी ही पकड येत नाही. त्या दिवशी चुकला तो टायर.

माझ्यावरही ही वेळ आलेली आहे. आम्ही एडमंटनला आलो त्या दुसऱ्या हिवाळ्यात मी व्हाइटमड ड्राइव्हवरून उतरणाऱ्या रॅम्पवर होते, मागे कार सीटमध्ये मुलगी. ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. मुलगी झोपूनच होती, जागीसुद्धा झाली नाही. माझे हात मात्र अर्धा तास स्टिअरिंगवरून सुटेनात. टायर नवे होते आणि त्यावर ‘एम+एस’ होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, एवढं असलं की हिवाळा निघतो. ते ऐकून मी निर्धास्त झाले होते. तुमच्या पत्रात तीच दोन अक्षरं दिसली आणि तो रॅम्प डोळ्यांपुढे आला.

म्हणून टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचायला शिकणं आधी. ‘एम+एस’ म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. नक्षीत मोकळ्या खाचा ठरावीक प्रमाणात असल्या की कंपनी हा शिक्का मारू शकते, बर्फावर चालवून पाहण्याची अट त्यात नाही. दुसरं चिन्ह तीन शिखरांच्या डोंगराचं, त्याच्या पोटात हिमकण. हे १९९९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाच्या संघटनांनी आणलं, कारण ‘एम+एस’वर विसंबता येत नव्हतं. ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. पण इथंही एक बारकावा आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. ती चाचणी बर्फावर टायर गाडीला किती जोरानं ओढतो याची आहे. काचेसारख्या गोठलेल्या थरावर ब्रेक लागतो का, हे ती पाहत नाही. म्हणजे पुन्हा निघण्याचीच परीक्षा. टायरवाल्यानं दाखवलेल्या ऑल-टेरेनवर हा डोंगर असेलही, हल्ली बऱ्याच ऑल-टेरेनवर असतो. तेवढ्यावरून तो विंटर टायर होत नाही.

ऑल-टेरेनला मी नावं ठेवत नाही. फूटभर ताजा बर्फ, शेताकडचा कच्चा रस्ता, खडी, साइटवरचा चिखल, तिथं तो चांगलं काम करतो. मोठे ठोकळे, खोल खाचा. पण मोठा ठोकळा म्हणजे कमी चिरा, आणि खडीवर फाटू नये म्हणून रबरही सहसा टणक. कॅल्गरीत तुम्हाला त्रास देतो तो खोल बर्फ नव्हे. तुम्ही चार वर्षं राहताय, चिनूक पाहिलाय. सकाळी उणे २०, दुपारी पश्चिमेचा गरम वारा येतो आणि छतांवरून पाणी ठिबकायला लागतं, आणि रात्री तेच पाणी डीअरफूट महामार्गाच्या पुलांवर आणि प्रत्येक चौकात पातळ काच होऊन बसतं. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे ३० चा कोरडा बर्फ त्यापेक्षा पुष्कळ बरा. स्टॉप साइनपाशी तर गाड्या थांबून-निघून बर्फ घासून गुळगुळीत करतात, अगदी आपल्याकडच्या देवळाच्या पायरीसारखा. तुमचा ट्रक घसरला तो बहुधा असल्याच जागेवर. तिथं मऊ रबर आणि चिरा लागतात.

१० प्लायचं म्हणाल तर ते ‘एलटी’ (लाइट ट्रक) प्रकारचे, जास्त वजन आणि जास्त हवेसाठी केलेले टायर असतात. ज्यांच्या मागे ट्रेलर आहे, हौद्यात रोज विटा-सिमेंट आहे, त्यांनी घ्यावेत. तुमच्या हौद्यात हेल्मेट, लेव्हल आणि नकाशांची नळी असते असं तुम्हीच लिहिलंय. मोकळ्या ट्रकवर तो टायर ताठ बसतो, दणके देतो, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते, म्हणजे दारावरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. चालकाच्या बाजूचं दार उघडा, चौकटीवर एक स्टिकर आहे. कंपनीनं तुमच्या ट्रकला कुठल्या मापाचा, कुठल्या प्रकारचा टायर आणि किती हवा दिली ते त्यावर आहे. तिथं ‘एलटी’ नसेल तर साध्या प्रकारातलाच विंटर टायर घ्या, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मात्र स्टिकरवरच्यापेक्षा कमी नको. आणि रुंद तर मुळीच नको. अरुंद टायर ताजा बर्फ कापून खाली जातो, रुंद त्यावर तरंगतो. ट्रक रुबाबदार दिसतो हे खरं, पण या कामाला ते माप उलटं आहे.

मेहुण्यांच्या सल्ल्याविषयी मला काळजीनं लिहायचंय, कारण पैसे वाचवायला बरेच जण हे करतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. वळवण्याचं तर सगळंच त्यांचं. मागे विंटर आणि पुढे ऑल-सीझन असले तर ट्रक दिमाखात निघेल आणि वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी नाकासमोर सरळ जाईल. उलट केलं, पुढे विंटर आणि मागे साधे, तर मागची बाजू फिरून पुढे येईल. रिकामा हौदा मुळातच हलका. शिवाय फोर बाय फोर लावल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांना जोडलेली असतात. पुढचे-मागचे टायर कमी-जास्त झिजलेले असले तर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. टायर बदलायचे तर चारही, एका कंपनीचे, एकाच नक्षीचे. आता चार परवडत नसतील तर दोन घेऊ नका, तेवढे दिवस ट्रक कमी काढा.

‘ट्रकला विंटर टायर कशाला’ असं पुन्हा कुणी म्हणालं तर एक आठवण सांगा. फिनलंडमधल्या ज्या कारखान्याची आज नोकियन टायर्स ही कंपनी झालीय, त्यानं १९३४ साली जगातला पहिला विंटर टायर काढला तो मालवाहू ट्रकसाठीच. बर्फाच्या रस्त्यांवर माल अडकत होता म्हणून. मोटारींचा नंबर दोन वर्षांनी, १९३६ मध्ये लागला.

आता १,६०० डॉलर. हा आकडा टोचतो, मला कळतं, घरी पाहुणे आहेत आणि पुढे तिकिटंही काढायची असतील. पण हा खर्च दिसतो तेवढा नाही. हिवाळ्याचे पाच-सहा महिने विंटर टायर झिजतील तेव्हा दुसरे टायर गॅरेजमध्ये पडून असतील, आणि उन्हाळ्यात उलट. दोन्ही जोड जवळपास दुप्पट वर्षं जातील. खरा जादा खर्च आहे तो रिमचा आणि वर्षातून दोनदा चाकं बदलण्याचा. वेगळे साधे स्टीलचे रिम घेऊन विंटर टायर त्यावर कायमचे चढवून ठेवले तर दर वेळी टायर रिमवरून उतरवण्याची मजुरी वाचते आणि टायरची कडही खराब होत नाही. मग जॅक लावून चाकं बदलण्याचं काम तुम्ही घरीही करू शकता. वेगळ्या रिममध्ये हवेचे सेन्सर नसतील तर डॅशबोर्डवर दिवा लागलेला राहील. त्यामुळे ट्रक अडत नाही, हवा मात्र गेजनं स्वतः पाहायची.

मधला मार्ग म्हणजे ऑल-वेदर. ऑल-सीझनशी गल्लत करू नका, नावं मुद्दाम गोंधळात टाकल्यासारखी आहेत. ऑल-वेदरवर डोंगराचं चिन्ह असतं आणि तो बारा महिने ठेवता येतो. ज्यांची घरं अपार्टमेंटमध्ये आहेत, चाकं ठेवायला जागा नाही, शहराबाहेर जाणं नाही, त्यांना मी तोच सांगते. व्हँकुव्हर, टोरांटोच्या वाचकांचं त्यावर छान भागतं. तुम्ही फक्त साइट आणि घर एवढंच फिरत असता तर तुम्हालाही मी कदाचित तेच म्हटलं असतं. पण तुम्ही गोल्डनला जाता.

त्या रस्त्याविषयी थोडं सविस्तर. कॅल्गरी सोडून ट्रान्स-कॅनडावर पश्चिमेला लागलात की कॅनमोरच्या आधीच स्कॉट लेकचा चढ येतो. शहरात ऊन असताना तिथं वाऱ्यानं उडणारा बर्फ रस्त्याची रेघ पुसून टाकतो. पुढे बॅन्फ, लेक लुईस आणि किकिंग हॉर्स खिंड, आणि मग गोल्डनकडे उतार. ब्रिटिश कोलंबियाची सीमा ओलांडली की तिथला कायदा लागू. त्या डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिवाळी टायर लागतात. ‘एम+एस’ किंवा डोंगराचं चिन्ह, आणि नक्षी किमान ३.५ मिलिमीटर. तुमची पाच-बत्तिसांश म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. म्हणजे कागदावर तुमचे आताचे टायर तिथं पास होतात, अर्ध्या मिलिमीटरनं. त्याच वेळी ट्रान्सपोर्ट कॅनडा सांगतं की नक्षी ४ मिलिमीटरच्या जवळ आली की तो टायर बर्फाच्या रस्त्यावर वापरू नका. पोलिसानं न अडवणं आणि ट्रक थांबणं यांतलं अंतर तुम्ही त्या चौकात पाहिलंच आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरातल्या आय-७० महामार्गावर फोर बाय फोरलासुद्धा तीन-सोळांश इंच, म्हणजे तुमच्या मापात सहा लागते. तिथं तुम्ही नापास झाला असता.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे. चारही विंटर टायर, स्टिकरवरच्याच मापाचे, वेगळ्या स्टीलच्या रिमवर. वहिनींचं बरोबर आहे. कंपनी कुठली हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात आणि तो शेवटचाच आहे. नावाजलेल्या पाच-सहा कंपन्यांचे पिकअप आणि एसयूव्हीसाठीचे विंटर टायर मिळतात. त्यांच्यातला फरक त्यांच्या आणि ऑल-सीझनच्या फरकापेक्षा पुष्कळ लहान आहे. दुकानात एवढंच विचारा, ‘बर्फाच्या थरावर ब्रेकसाठी यातला चांगला कुठला?’ खिळे ठोकलेले टायर अल्बर्टात चालतात, पण चिनूकनं रस्ते महिन्यातून कितीदा तरी कोरडे करणाऱ्या शहरात ते खडखडतात आणि कोरड्या डांबरावर त्यांची पकडही चांगली नसते. शहराबाहेर, खडीच्या कायम गोठलेल्या रस्त्यावर घर असलेल्यांनी त्यांचा विचार करावा. (मिनेसोटातल्या वाचकांनी नको. तिथल्या रहिवाशांना ते वापरायला बंदी आहे.)

सेकंडहँड घ्यायचे झाले तर दोन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजूला ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. हे आकडे कधी कधी टायरच्या आतल्या अंगालाच असतात, वाकून टॉर्चनं पाहावे लागतात. जुनं रबर न वापरतासुद्धा ताठ होतं. आणि गेजनं नक्षी मोजा, गेज दोन-चार डॉलरला मिळतो. काही विंटर टायरमध्ये ते खास मऊ रबर फक्त वरच्या थरात असतं. निम्मी नक्षी गेली की खाली साधं रबर उरतं, आणि जाहिरातीत मात्र ‘अजून निम्मे बाकी’ असं लिहिलेलं असतं.

हवेकडे तर कुणीच बघत नाही. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा एक पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) कमी दाखवते. दुकानाच्या उबदार शेडमध्ये, २० अंशांत, ३५ भरून तुम्ही बाहेर पडलात आणि रात्री पारा उणे २० ला गेला, तर सकाळी गेजवर २८ च्या आसपास दिसेल. पंक्चर नाही, गळती नाही, नुसती थंडी. महिन्यातून एकदा आणि मोठी थंडी उतरली की लगेच, सकाळी ट्रक हलवण्याआधी हवा बघा. वाकलात की हौद्याखालची स्टेपनीही बघून घ्या. रस्त्यावरच्या मिठानं तिची साखळी गंजते, आणि ती खाली येत नाही हे नेमकं रस्त्याच्या कडेला, काळोखात कळतं.

हौदा हलका आहे, तर वाळूची पोती टाकावीत का? टाका, तीन-चार. पण मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, टेलगेटला टेकून नकोत. आणि पट्ट्यानं बांधून. सुटी पोती ब्रेक दाबल्यावर पुढे सरकतात. रुतलात तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते. फार वजन मात्र नको, जास्त वजन थांबवायलाही जास्त रस्ता लागतो.

आणि वेग. टायर नवे आले की हात सैल सुटतो, सगळ्यांचा सुटतो. ४० ऐवजी ६० नं जात असाल तर थांबायला दीडपट रस्ता लागत नाही, सव्वादोन पट लागतो. विंटर टायर ताशी २० किलोमीटरची चूक पोटात घालत नाहीत. नवे टायर पहिले काहीशे किलोमीटर जरा बेतानंच चालवा, त्यांच्यावरची फॅक्टरीतली चकाकी जायला तेवढं लागतं.

दुसऱ्या प्रांतांतल्या वाचकांसाठी एक-दोन ओळी, कारण असेच प्रश्न तिकडूनही येतात. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायरची सक्ती आहे आणि तिथं नुसतं ‘एम+एस’ चालत नाही, डोंगराचं चिन्ह लागतं. ऑन्टारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरसाठी सवलत द्यावी लागते. मागितल्याशिवाय ती मिळेलच असं नाही, फोन करून विचारा. तुम्हीही तुमच्या विमा कंपनीला विचारून बघा, विचारायला काही पडत नाही.

पत्रात तुम्ही बाबांबद्दल एकच ओळ लिहिलीत आणि पुढे टायरकडे वळलात. तिथं मी जरा थांबले. तीस वर्षं जो माणूस पन्नास जणांना घेऊन घाट उतरला, तो मुलाच्या गाडीत मागे जाऊन बसतो. रागानं नसेल. तुमच्यावर अविश्वास म्हणूनही नसेल. पायाखाली ब्रेक नसताना पुढे बसणं त्याला जड जात असेल, एवढंच. त्यांना समजावू नका. टायर घ्यायला जाताना सोबत न्या. एसटीत टायर रिमोल्ड करून पुन्हा पुन्हा वापरतात, त्यांनी डेपोत हजारो टायर हातानं चाचपले असतील. दुकानात ऑल-सीझन आणि विंटर शेजारी ठेवलेले असतील तर दोन्हींवर त्यांना अंगठा दाबून पाहू द्या. शेडच्या उबेत फरक कमी जाणवतो. शक्य झालं तर दारात थंडीत पडलेले दोन टायर मागा, मग बघा.

टायर बसले की रविवारी सकाळी एखादं रिकामं, बर्फानं भरलेलं पार्किंग गाठा. ताशी ३० वर जा आणि ब्रेक पूर्ण दाबा. पेडल पायाला धक्के देईल, ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम, पाय उचलू नका. किती अंतरात थांबला ते उतरून पावलांनी मोजा. पाच-सहा वेळा करा. मग वळताना करा. हे सगळं तुम्ही हिवाळ्यात एकदा करायलाच हवं, नवे टायर असोत किंवा जुने. बाबा कडेला उभे राहून बघतील किंवा आत बसतील, ते त्यांच्यावर सोडा.

आणि बदललेल्या चाकांचे नट साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात, दुकानात आठवण करतात पण फार थोडे लोक परत जातात. टॉर्कचा पाना विकत किंवा भाड्यानं मिळतो. किती आवळायचे तो आकडा ट्रकच्या मॅन्युअलमध्ये आहे. तो तुम्ही वाचून दाखवा, पाना बाबांकडे द्या.